देवाच्या नावाने सोडलेल्या मुली

देवाच्या नावाने वळू सोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. सोडलेल्या वळूला धनी नसतो. तो कोणाच्याही शेतात तोंड घालतो आणि त्याला सहसा कोणी हाकलीत नाही. सौंदत्तीच्या डोंगराभोवतीच्या मुलुखात, कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या काठच्या गावांत, मुलीलाही देवाला सोडीत आणि त्यासाठी क्रियापदही हेच वापरीत. फरक एवढाच की, सोडलेल्या वळूला सारे गाव चारा देई. सोडलेली मुलगी मात्र स्वतःच गावाचा चारा होई.

लहान मुलींच्या विक्रीचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः डोळ्यांपुढे येते ते रात्रीचे अपहरण, अनोळखी दलाल, दूरची आगगाडी. असे प्रकार घडतात यात शंका नाही. परंतु बेळगाव, विजापूर, कोल्हापूर, सांगली या भागांतून मुंबईच्या कामाठीपुऱ्यात आणि पुण्याच्या बुधवार पेठेत पिढ्यानुपिढ्या ज्या मुली पोचल्या, त्यांतील पुष्कळांचा प्रवास भर दुपारी, हळदीकुंकवाने आणि गावजेवणाने सुरू झाला होता. ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्यावाचून या प्रश्नाचा इतिहास उलगडत नाही. गुन्हा गुपचूप झाला असता तर त्याचा शोध लावणे एवढेच काम उरले असते. येथे शोध लावण्यासारखे काही नव्हते. सारे गाव पंगतीला बसलेले होते.

प्रकार सर्वसाधारणपणे असा घडे. घरात मुलगा नाही, अथवा ओळीने मुलेच जगत नाहीत, अथवा दुखणे हटत नाही, म्हणून यल्लम्माला नवस बोलला जाई. कित्येकदा निमित्त याहूनही क्षुल्लक असे. तेलपाणी न मिळालेल्या, विंचरण न झालेल्या केसांत गुंता होऊन जट बसे, आणि जट म्हणजे देवीचे बोलावणे असा निर्वाळा जाणती माणसे देत. पाच ते दहा वर्षांच्या मुलीला माघी पौर्णिमेला डोंगरावर नेऊन तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ घातली जाई. त्या दिवसापासून तिचे लग्न संपले, कारण ते देवाशी लागले. ती वयात आली म्हणजे गावातला एखादा पैसेवाला तिच्या घरी दाणागोटा, लुगडी पोचवू लागे. त्याचे मन उडाले की दुसरा. आणि दुष्काळाचे एखादे वर्ष आले की, मुंबईत आधीच जाऊन बसलेली कोणी नात्यातली मावशी सुट्टीला म्हणून गावी येई आणि परत जाताना एकटी जात नसे. 'देवदासी देवाची, बायको साऱ्या गावाची' ही म्हण गावानेच रचली आणि गावानेच हसत हसत वापरली.

येथे एक भेद सांगणे न्यायाचे होईल. मोठ्या देवालयांतून गायन-नर्तनाची सेवा करणाऱ्या स्त्रियांची जी परंपरा होती, तिच्यापाशी विद्या होती, काही ठिकाणी इनामी जमिनी होत्या, आणि त्या परंपरेविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. यल्लम्माच्या जोगतिणीपाशी चौंडके आणि परडी यांपलीकडे फारसे काही नव्हते. ती बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातीतील भूमिहीन घरातली असे. दोघींना एकाच नावाखाली मोजल्याने पहिलीवर अन्याय होतो आणि दुसरीचे दुःख कलेच्या गोष्टीखाली झाकले जाते.

कायदा नव्हता असे मात्र मुळीच नाही. भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत होऊन १८६२ च्या आरंभापासून अमलात आली. तिच्या ३७२ व्या कलमाने सोळा वर्षांखालील व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी विकणे वा भाड्याने देणे हा गुन्हा ठरविला आणि ३७३ व्या कलमाने विकत घेणाऱ्यालाही त्याच दोरीत बांधले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच भाविणींच्या शेजविधीचे खटले मुंबई हायकोर्टापर्यंत गेले होते, आणि अज्ञान मुलीला असे देवाला वाहणे हा गुन्हा ठरू शकतो हे न्यायालयाने मान्य केले होते. १९२४ साली वयाची मर्यादा सोळावरून अठरावर नेण्यात आली. म्हणजे ज्या काळी सौंदत्तीच्या डोंगरावर दर माघात पोरींच्या गळ्यांत माळा पडत होत्या, त्या साऱ्या काळात शिक्षेचे कलम पुस्तकात हजर होते. दुखणे होते ते पुराव्याचे. मुलीचे वय सांगणार कोण? बाप. विधी झाला हे सांगणार कोण? पुजारी. या विधीचा पुढचा हेतू काय हे सांगणार कोण? शेजारी. आणि हे तिघेही पंगतीला होते.

या मौनाला पहिला तडा गेला तो सरकारी कचेरीतून नव्हे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले आणि त्यातून खंडोबाला मुरळ्या सोडण्याच्या चालीवर सातत्याने टीका आरंभिली. जेजुरीची मुरळी ही सौंदत्तीच्या जोगतिणीची बहीणच. देव निराळा, वाट तीच. १९०९ साली त्या मासिकात एका मुरळीने स्वतः लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. या विषयावर तोवर पुरुषांनी पुष्कळ लिहिले होते. जिच्यावर गुदरले तिचे शब्द छापून येणे ही गोष्ट नवी होती. त्या पत्रानंतर चळवळीतीलच एक कार्यकर्ता पुढे आला आणि त्याने तिच्याशी रीतसर विवाह केला. एका लग्नाने रूढी मोडत नाही हे खरे. तथापि मुरळीशी लग्न केल्यास देवाचा कोप होतो ही जी भीती होती, तिला उत्तर म्हणून अशा लग्नाचे मोल शंभर व्याख्यानांहून अधिक होते. जमखंडीत जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे यांनीही १९०६ साली स्थापिलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या कार्यात मुरळीच्या चालीविरुद्धचा प्रयत्न गोवून घेतला होता. पुढे १९२० साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानापुरता जोगतिणी व मुरळ्या यांच्यासंबंधी कायदा केला.

घाटाखाली गोमंतकात याच सुमारास जे घडत होते ते अधिक विलक्षण आहे, आणि त्याचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. तेथील देवळांशी बांधलेल्या कलावंत, भाविणी इत्यादी वर्गांत मुलीचा शेंसविधी करीत. नवरदेवाच्या जागी पुरुषवेष केलेली दुसरी मुलगी उभी करून लावलेले हे नावापुरते लग्न असे, आणि एकदा ते लागले की त्या मुलीला खऱ्या लग्नाची वाट बंद होई. हा विधी बंद पाडला तो त्याच समाजाच्या मुलांनी आणि मुलींनी. पैंगीणचे राजाराम रंगोजी पैंगीणकर हे त्यांतील अग्रणी. 'मी कोण?' हे त्यांच्या आत्मवृत्ताचे नाव. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या दोन शब्दांत त्या समाजाचा साराच प्रश्न आला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत विखुरलेली माणसे एकत्र येत गेली, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोमंतक मराठा समाज या नावाने संघटना उभ्या राहिल्या, आणि १९२९ पासून 'समाज सुधारक' हे मासिक निघू लागले.

त्यांनी केले काय, तर प्रथम घराघरांतून वचन घेतले की शेंस होणार नाही. परंतु नुसते वचन घेऊन ते थांबले नाहीत. विधी झाला नाही तर मुलीचे पुढे काय, हा आईचा पहिला प्रश्न असतो. त्याला उत्तर म्हणून समाजातल्याच तरुणांशी लग्ने जमविली, मुलामुलींना शाळेत घातले, मुंबईत शिकणाऱ्यांना आधार दिला. बाहेरून आलेला सुधारक अशा घरात पाऊल ठेवतो तेव्हा त्याच्या नजरेत कीव असते किंवा किळस असते, आणि दोन्ही त्या घराला कळतात. येथे बोलणारा घरचाच होता. आई, बहीण, आत्या याच वाटेने गेलेल्या. त्यांची निंदा न करता पुढची मुलगी त्या वाटेने जाऊ द्यायची नाही, हे अवघड काम त्यांना साधले. दोन पिढ्यांत रूढी नामशेष झाली. पुढे १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर याच समाजातले होते.

ब्रिटिश मुलुखात दुसरी वाट धरली गेली. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे त्या वेळी मुंबई इलाख्यातच असल्याने सौंदत्तीचा डोंगर या कायद्याच्या कक्षेत येत होता. मुलीला देवाला वाहणे बेकायदा ठरले, वाहून झालेल्या स्त्रीचे लग्न कायदेशीर ठरले, विधी करणाऱ्यांस व त्यास साह्य करणाऱ्यांस कैद वा दंड सांगितला गेला. कायदा म्हणून त्यात नाव ठेवण्यासारखे फार नाही. परंतु तो डोंगर चढून गेला नाही. दोन वर्षांनी, १६ जून १९३६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रिया यांच्यापुढे भाषण केले व हे जिणे टाकून देण्याचे आवाहन केले. त्या भाषणातील कठोरपणा आजच्या वाचकाला बोचेल. त्या स्त्रियांना ही वाट आपण निवडली नव्हती याचे स्मरण राहते. पण त्या स्त्रियांना समोर बसवून, त्यांना निर्णय घेऊ शकणाऱ्या नागरिक समजून बोलणारा एवढ्या योग्यतेचा पुढारी तोवर त्यांना भेटला नव्हता, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध सबंध देशासाठी कायदा झाला. त्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि या प्रश्नापुरती एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. डोंगर एका राज्यात राहिला. त्या डोंगराकडे मुली घेऊन येणारी गडहिंग्लज, चंदगड, मिरज, जत या भागांतील गावे दुसऱ्या राज्यात. आणि मुली जेथे पोचत त्या मुंबई-पुण्याच्या गल्ल्याही दुसऱ्या राज्यात. देवीला सीमा नव्हती, दलालालाही नव्हती. ती होती फक्त पोलिसाला.

त्या १९५६ च्या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे लोकांचे लक्ष क्वचितच गेले. विशेष पोलीस अधिकाऱ्याच्या साह्याला त्या भागातील पाचपर्यंत समाजसेवकांचे, त्यांत शक्यतो स्त्रियांचे, बिनसरकारी सल्लागार मंडळ नेमण्याची मुभा तिने सरकारला दिली. झडतीच्या वेळी त्याच वस्तीतील दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत आणि त्यांतील निदान एक स्त्री हवी, असेही सांगितले. म्हणजे शेजाऱ्यावाचून हा कायदा चालणार नाही हे तो लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. शेजारी पुढे आला नाही तर काय करावे, याचे उत्तर मात्र कोणत्याही कलमात लिहिता येत नाही.

१९७५ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरविली. पुढे निपाणीतही असे मेळावे झाले. गडहिंग्लज आणि निपाणी ही दोन्ही गावे सीमेच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. विडी-तंबाखूच्या वखारींतून राबणाऱ्या बायकांची वस्ती तेथे मोठी, आणि त्या बायकांत सोडलेल्या मुलींची संख्याही लहान नव्हती. या मेळाव्यांत स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या. मागण्या अगदी साध्या होत्या: निर्वाहाला काही वेतन, राहायला घर, मुलांना शाळा. पापपुण्याची चर्चा वक्ते करीत. बायका शिधापत्रिकेविषयी विचारीत. या चळवळीने सरकारांना हलविले. कर्नाटकाने १९८२ साली नवा कायदा केला, तो १९८४ साली अमलात आला, आणि मुलीला वाहणाऱ्या आईबापांस व नातलगांस इतरांपेक्षा अधिक, दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा व्हावयाला २००५ साल उजाडले.

आई-बापाला अधिक शिक्षा ठेवण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, पण त्याचा परिणाम उलटा झाल्यावाचून राहिला नाही. जत्रेत पोलीस दिसू लागल्याबरोबर विधी डोंगरावरून खाली उतरला. तो घराच्या माजघरात, शेतातल्या लहानशा देवळात, परगावच्या एखाद्या अनोळखी जत्रेत होऊ लागला. पूर्वी पंगत तरी उठत असे. आता तीही बंद झाली, आणि गावाला 'आम्हांला काही ठाऊक नाही' म्हणण्याची सोय झाली. खटले फार थोडे झाले. कर्नाटकात १९९३-९४ साली झालेल्या पाहणीत २२,८७३ देवदासींची नोंद झाली. २००७-०८ च्या पाहणीत आणखी २३,७८७ स्त्रियांची भर पडून तो आकडा ४६,६६० वर गेला. कायदा होऊन दोन तपे लोटल्यावर संख्या दुप्पट कशी झाली, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पहिल्या खेपेस ज्यांनी तोंड उघडले नाही किंवा ज्यांच्यापर्यंत मोजणारा पोचलाच नाही, अशा पुष्कळजणी दुसऱ्या खेपेस पुढे आल्या असणार; मध्यंतरीच्या काळात सोडलेल्याही काही असतील. जिथे मोजणी करणाऱ्यालाही एका खेपेत खरे कळत नाही, तिथे फौजदाराला कळावे कसे?

बेळगाव जिल्ह्यात याचे उत्तर निघाले ते १९९० नंतरच्या दशकात. मायराडा ही संस्था आणि कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळ यांनी मिळून सोडलेल्या स्त्रियांना गावोगाव एकत्र आणण्याचे काम हाती घेतले, आणि त्यातून १९९७ साली घटप्रभा येथे 'महिला अभिवृद्धि मत्तु संरक्षण संस्थे', म्हणजे 'मास', ही संघटना नोंदविली गेली. तिच्या सभासद पूर्वीच्या देवदासी, चालविणाऱ्याही त्याच. चिकोडी भागातील कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी यांनी तिचे नेतृत्व केले. त्या स्वतः वयाच्या सातव्या वर्षी सोडल्या गेल्या होत्या, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेळ्यामेंढ्या, बचतगट, कर्ज, मुलांची शाळा हे या संघटनेचे रोजचे काम. पण त्याबरोबर एक पहाराही सुरू झाला. कोणत्या घरी मुलीला जट आली आहे, कोणाच्या घरी अचानक नव्या बांगड्या आणि हिरवे लुगडे आले, कोणाचे कर्ज थकले, मुंबईहून कोण पाहुणी आली, हे सारे या बायकांना कळे, कारण हीच चिन्हे एकेकाळी त्यांच्या स्वतःच्या घरी दिसली होती. पोलिसाला जे समजत नसे ते त्यांना पाणवठ्यावर समजे. विधीची कुणकुण लागली की आधी त्या घरी जाऊन बसायचे, आईशी बोलायचे, नाहीच ऐकले तर पोलिसांना आणि अधिकाऱ्यांना कळवायचे, असा त्यांचा क्रम. आईला त्यांच्याशी खोटे बोलता येत नसे. 'देवी रागावेल' असे म्हणावे तर समोर बसलेलीच देवीची. तिने माळ तोडली होती आणि ती धडधाकट बसली होती.

महाराष्ट्राच्या बाजूला अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी याच वाटेच्या अगदी पहिल्या पायरीवर हात घातला. त्यांनी जटा सोडविल्या, न सुटणाऱ्या कापल्या. कात्री, तेल, घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत, आणि कापल्यावर काही दिवस त्या घराची विचारपूस, एवढीच सामग्री. जट कापली त्या आठवड्यात घरात कोणाला साधा ताप आला तरी खापर कात्रीवर फुटते, म्हणून नंतरची विचारपूस कापण्याइतकीच महत्त्वाची असते. ज्याला हे काम क्षुल्लक वाटेल त्याने हे ध्यानात घ्यावे की, डोंगराकडे जाणारी वाट कित्येक मुलींच्या बाबतीत डोक्यावरच्या त्या गुंत्यापासूनच सुरू झाली होती.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मुंबईत, काय घडत होते तेही पाहणे अवश्य आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने लक्ष घातल्यावर पोलिसांनी तेथील कुंटणखान्यांवर मोठे छापे घातले आणि चारशेहून अधिक स्त्रिया व मुली बाहेर काढल्या. त्यांत नेपाळच्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या, उरलेल्या भारताच्या निरनिराळ्या राज्यांतील. वर्तमानपत्रांतून कौतुक झाले. त्यानंतर प्रश्न आला की यांना ठेवायचे कोठे आणि पाठवायचे कोठे. सरकारी गृहांत जागा नव्हती, देखभाल नव्हती. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. महिन्यांमागून महिने गेले. अखेर तेथील काही स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी सव्वाशेहून अधिक मुलींना काठमांडूला नेले. छापा एका रात्रीत घालता येतो. परत घेणारे गाव एका रात्रीत तयार होत नाही. परत गेलेल्या त्या मुलींपैकी काहींनी १९९६ सालीच 'शक्ती समूह' ही संघटना स्थापन केली. विक्रीतून सुटलेल्या मुलींनी स्वतः चालविलेली ही संघटना २०१३ साली मॅगसेसे पुरस्काराची मानकरी ठरली. घटप्रभा आणि काठमांडू यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तरी एकाच दशकात दोन्हीकडे गोष्ट एकाच रीतीने घडली.

सांगलीत तर याहून धिटाईचा प्रकार झाला. १९९६ साली तेथील वेश्यावस्तीतील स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली. अज्ञान मुलगी वस्तीत आणली जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या गल्ल्यांत स्वतःच लक्ष ठेवण्यास आरंभ केला. व्यवसाय कायम ठेवून मुलींना वाचविण्याची ही भूमिका अनेकांना पटत नाही. तिच्यावर वाद आहे, आणि तो सहज मिटणाराही नाही. परंतु नवी मुलगी दारात उतरते तेव्हा तिचे वय प्रथम कोणाला दिसते, या साध्या प्रश्नाला त्या स्त्रियांशिवाय दुसरे उत्तर नाही.

कायद्याने यानंतर शेजाऱ्याला नुसते बोलावले नाही, त्याच्यावर कर्तव्यच घातले. बालकांच्या लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा अपराध घडला आहे किंवा घडण्याचा संभव आहे हे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे; न कळविल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी-सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून निघाली आणि पुढे देशभर पसरली. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली गावपातळीवर बालसंरक्षण समिती असावी अशीही सरकारची योजना आहे. या समित्यांविषयी एक शंका मात्र बोलून दाखविणे प्राप्त आहे. ज्या गावात सोडलेल्या मुलीचा पहिला धनी गावातला वजनदार माणूस असे, त्या गावात वजनदार माणसांचीच समिती नेमून काम होईल काय? बेळगावच्या अनुभवावरून पाहता, समितीच्या यादीत ज्यांचे नाव घालण्याचे सहसा सुचत नाही त्या बायकाच या कामाला लायक निघाल्या. दंडसंहितेची जुनी कलमे १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ९८ आणि ९९ या आकड्यांनी वावरत आहेत. शब्द बहुतांशी तेच आहेत.

एक गोष्ट अजून बाकी आहे. सोडलेल्या स्त्रियांच्या मुलामुलींना शाळेत घालताना अर्जावर बापाच्या नावाचा रकाना येतो. तो रिकामा राहिला की वर्गात हसू होते, जातीचा दाखला अडतो, शिष्यवृत्ती अडते. मुलगी शाळा सोडते, आणि शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी पाहुणी येण्यास वेळ लागत नाही. देवदासींच्या मुलांनी आता स्वतःच्या संघटना केल्या आहेत, आणि त्या रकान्याविषयी ती मुले अनेक वर्षे मागणी करीत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक विधानसभेने देवदासी पद्धतीच्या प्रतिबंधासाठी व पुनर्वसनासाठी नवे विधेयक संमत केले. त्यात या मुलांना आपले पितृत्व ठरवून घेण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे इतकी वर्षे जो गावातच राहिला आणि ज्याचे नाव कोणत्याच कागदावर आले नाही, त्याचे नाव विचारण्याची वेळ आता त्या मुलांवर आली आहे.